संगिनीच्या टोकावरील इतिहास : बालवाचकांचा युद्धकथाकार हेन्टी

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना आपला इतिहास दोन वाटांनी भेटतो. एक वाट घरातली. आजीच्या गोष्टी, शिवजयंतीचा उत्सव, दिवाळीत अंगणात किंवा सदनिकेच्या सज्जात उभा केलेला मातीचा किल्ला, ही त्या वाटेवरची ठिकाणे. दुसरी वाट शाळेची आणि ग्रंथालयाची. ती बहुधा इंग्रजी पुस्तकांतून जाते, आणि त्या पुस्तकांत आपल्या पूर्वजांची गाठ पडते ती पुष्कळदा शत्रुपक्षाच्या छावणीतून पाहिलेल्या रूपात. ही दुसरी वाट ज्यांनी बांधून काढली त्यांत जॉर्ज आल्फ्रेड हेन्टी या इंग्रज लेखकाचे नाव अग्रभागी आहे. मुलांसाठी युद्धाचा इतिहास कथारूपाने सांगण्याचा जणू कारखानाच त्याने उभारला, आणि त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या ग्रंथांत मराठ्यांच्या युद्धांवरचाही एक ग्रंथ आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या परकीयाचे चरित्र आम्ही सादर करीत आहो, ते एवढ्याच कारणाने. आपली गोष्ट दुसऱ्याने कशी सांगितली हे ठाऊक असल्याशिवाय ती आपण कशी सांगावी हे नीट उमगत नाही.

हेन्टीचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजी केंब्रिजजवळील ट्रम्पिंग्टन या गावी झाला. पुढे ज्याने आपल्या लेखणीतून शेकडो धट्ट्याकट्ट्या, साहसी मुलांना रणांगणावर धाडले, तो स्वतः बालपणी अतिशय अशक्त होता. त्याच्या लहानपणाचा मोठा भाग अंथरुणात गेला. खेळावयास जाता येत नसलेल्या मुलास पुस्तकांशिवाय दुसरा सोबती नव्हता, आणि हाती येईल ते वाचून काढण्याची सवय त्यास तेव्हापासूनच जडली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. त्या काळच्या इंग्रजी निवासी शाळांत दुबळ्या मुलाची धडगत नसे. तेथे त्याने मुष्टियुद्धाचे धडे घेतले, पुढे कुस्तीही शिकला आणि पाहता पाहता आडदांड देहयष्टीचा तरुण बनला. त्याच्या सर्व बालनायकांना ठोसा मारता येतो, आणि तो ते नेहमी दुर्बळाच्या रक्षणार्थ मारतात, याचे मूळ या शाळेत आहे असे मानावयास हरकत नाही.

पुढे तो केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात गेला. परंतु पदवी त्याच्या नशिबी नव्हती. १८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले आणि तरुण हेन्टी अभ्यास अर्धा टाकून, लष्करी रुग्णालयांस साहित्य पुरविणाऱ्या खात्यात नोकरी पत्करून रणभूमीकडे निघाला. सोबत धाकटा भाऊ फ्रेडरिक होता. या युद्धात गोळीपेक्षा पटकी, ताप आणि अव्यवस्था यांनीच अधिक सैनिक मारले, हे सर्वश्रुत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव जगाला ज्ञात झाले ते याच युद्धात, आणि ज्या स्कुटारी येथे तिचे रुग्णालय होते तेथेच फ्रेडरिक पटकीने मरण पावला. हेन्टीही तापाने जर्जर होऊन मायदेशी परतला. तत्पूर्वी छावणीतून त्याने वडिलांस जी पत्रे लिहिली, ती वाचून वडिलांना वाटले की यात काही विशेष आहे. ते ती घेऊन ‘मॉर्निंग अॅडव्हर्टायझर’ या वृत्तपत्राच्या संपादकांकडे गेले, आणि ती छापली गेली. पुरवठा खात्यातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याचा लेखक झाला तो असा. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या योगायोगाचे विशेष कौतुक वाटते.

तथापि लेखणी हा त्याचा धंदा होण्यास आणखी दहा वर्षे जावी लागली. मधल्या काळात त्याने लष्करी खात्यात काम केले, नंतर वडिलांच्या खाणींच्या व्यवसायानिमित्त वेल्स व सार्डिनिया येथे वास्तव्य केले. १८५८ मध्ये त्याचा विवाह झाला आणि त्यास दोन मुलगे व दोन मुली झाल्या. परंतु १८६५ मध्ये पत्नी क्षयाने निवर्तली. घरी आईवेगळी चार मुले आणि हाती पैसा बेताचा, अशा अवस्थेत त्याने ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या दैनिकाची चाकरी धरली. पुढील दहा-अकरा वर्षे जेथे तोफ डागली जाईल तेथे हेन्टी हजर, असा क्रम सुरू झाला.

१८६६ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्यातील युद्धात तो गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांबरोबर होता. १८६७-६८ मध्ये अबिसिनियाच्या मोहिमेत तो मागदाल्यापर्यंत गेला. ही मोहीम आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा सेनापती सर रॉबर्ट नेपिअर हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा प्रमुख होता, आणि सैन्याचा मोठा भाग हिंदुस्थानातून, मुख्यतः मुंबई बंदरातून, आगबोटींनी नेण्यात आला होता. मुंबईच्या पलटणींत मराठी शिपायांचा भरणा असे. म्हणजे हेन्टीने मराठी माणूस प्रथम ग्रंथात वाचला की मागदाल्याच्या डोंगरवाटांवर पाहिला, हा प्रश्न मनोरंजक आहे. त्यानंतर १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आले. १८७१ मध्ये पॅरिसच्या कम्यूनचा रक्तरंजित शेवट त्याने पाहिला. १८७३-७४ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतील अशांटी मोहिमेत वुल्स्लीच्या सैन्यासमवेत कुमासीपर्यंत गेला, आणि पुढे स्पेनमधील यादवीत. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याची वार्तापत्रे पाठविण्यासाठी तो हिंदुस्थानात आला. नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईत राजपुत्राचे आगमन होऊन हा दौरा सुरू झाला होता. १८७६ मध्ये तुर्क व सर्बिया यांच्या युद्धावरून परतल्यावर मात्र शरीराने साथ सोडली. ताप, ओल, थंडी आणि उपासमार यांनी ते पोखरून काढले होते. यापुढे त्याने रणांगणाची वाट सोडली आणि तो लंडनमध्ये मेजापाशी स्थिरावला.

या मेजावर जे घडले त्याचे बीज आधीच रुजले होते. आईवेगळ्या मुलांना रात्रीच्या जेवणानंतर गोष्टी सांगण्याची हेन्टीची प्रथा होती. १८६८ मध्ये त्याने अशीच एक गोष्ट लिहून काढली. दक्षिण अमेरिकेतील माळरानावर वसाहत करणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाची ती कथा, आणि तीतील मुलांना त्याने आपल्याच चार मुलांची नावे दिली, चार्ल्स, ह्यूबर्ट, मॉड व एथेल. ‘आउट ऑन द पॅम्पास’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पुढे या दोन्ही मुली तरुणपणीच क्षयाने गेल्या. कथेतल्या त्या दोघी मात्र अद्याप माळरानावर घोडे दौडवीत आहेत. बापाच्या लेखणीने मुलांना दिलेले याहून दीर्घ आयुष्य आमच्या वाचनात नाही.

१८८० नंतर हेन्टीच्या लेखनास भरती आली. वर्षाला तीन-चार पुस्तके हा त्याचा नेम झाला. ‘ब्लॅकी’ या प्रकाशनसंस्थेतर्फे ती शरद ऋतूत, नाताळच्या भेटींच्या वेळेस, बाजारात येत आणि त्यांच्या मुखपृष्ठानंतरच्या पानावर पुढील वर्षाचा आकडा छापलेला असे. रंगीत कापडी बांधणी, सोनेरी अक्षरे, आत चित्रे आणि नकाशे, असा त्यांचा थाट असे. शाळांतील बक्षीस समारंभांत ती हमखास वाटली जात. लेखनाची पद्धतही ठरलेली होती. विषय ठरला की ग्रंथालयातून त्या युद्धावरील दहा-पाच ग्रंथ आणवावयाचे, ते चाळून घ्यावयाचे, आणि मग देशोदेशींच्या शस्त्रांनी सजविलेल्या आपल्या अभ्यासिकेत कोचावर पहुडून, चिलीम ओढीत, लेखनिकास मजकूर सांगत सुटावयाचे. अशा रीतीने त्याने शंभराहून अधिक पुस्तके निर्माण केली. त्यांतील ऐंशीच्या आसपास मुलांसाठी होती.

त्याच्या कथांचा साचा दोन-चार पुस्तके वाचताच ध्यानी येतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा, बहुधा पितृछत्र हरपलेला किंवा घराची स्थिती खालावलेला, घराबाहेर पडतो. एखाद्या इतिहासप्रसिद्ध सेनापतीच्या नजरेस येतो, परभाषा चटकन शिकतो, वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरतो, कैद होतो, सुटतो आणि अखेर कीर्ती व संपत्ती मिळवून घरी परततो. मधूनमधून खऱ्या लढायांचे वर्णन येते. कोणती पलटण कोठे उभी होती, तोफा किती, नदीचा उतार कोणता, हे सर्व तपशील असतात. गोष्टीच्या साखरेत गुंडाळलेली इतिहासाची ही गोळी मुले मुकाट्याने गिळीत. इंग्लंडच्या दोन पिढ्यांना जगाचा भूगोल आणि युद्धांचा क्रम हेन्टीने शिकविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदुस्थानावर त्याने अनेक पुस्तके लिहिली. १८५७ च्या संग्रामावर ‘इन टाइम्स ऑफ पेरिल’ (१८८१), क्लाइव्हवर ‘विथ क्लाइव्ह इन इंडिया’ (१८८४), शिखांच्या युद्धांवर ‘थ्रू द सिख वॉर’ (१८९४), टिपू सुलतानावर ‘द टायगर ऑफ मैसोर’ (१८९६), आणि मराठ्यांवर ‘अॅट द पॉइंट ऑफ द बायोनेट’, म्हणजे ‘संगिनीच्या टोकावर’. हे शेवटचे पुस्तक १९०२ सालाचा आकडा घेऊन प्रसिद्ध झाले. बदलीच्या एका गावी, छावणीच्या जुन्या ग्रंथसंग्रहात, ते आमच्या हाती आले आणि आम्ही ते एका बैठकीत वाचून काढले. आज ते शोधण्यासाठी कपाट धुंडाळावे लागत नाही. हेन्टीची बहुतेक पुस्तके महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि अमेरिकेत मुलांना घरीच शिकविणाऱ्या कुटुंबांनी ती अलीकडे पुन्हा लोकप्रिय केली आहेत.

कथेचा आरंभ १७७९ सालचा. मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्यावर चालून येत असता एका इंग्रज अधिकाऱ्याचा व त्याच्या पत्नीचा अंत होतो, आणि त्यांच्या तान्ह्या मुलास त्याची मराठी दाई सोयरा वाचविते. ती त्यास आपल्या माणसांत नेते, त्याची गोरी कांती रंगाने झाकते आणि मराठा मुलगा म्हणून वाढविते. योग्य वेळी ती त्यास त्याच्या जन्माचे रहस्य सांगते आणि इंग्रजांकडे पोहोचविते. मराठी बोली आणि चालीरीती अंगवळणी पडलेला हा हॅरी लिंडसे पुढे पुण्याच्या राजकारणात वावरतो. नाना फडणीस, शिंदे, होळकर यांचे डावपेच त्याच्या डोळ्यांसमोर घडतात, आणि अखेर असईपासून भरतपूरपर्यंतच्या लढायांत तो इंग्रजांच्या बाजूने लढतो.

ग्रंथ रंजक आहे, यात संशय नाही. परंतु मराठी वाचकाचे मन दुसऱ्याच ठिकाणी अडखळते. मराठ्यांचे राज्य म्हणजे कारस्थाने, फितुरी आणि लुटालूट, आणि इंग्रजांचे आगमन म्हणजे सुव्यवस्था, हे सूत्र या कथेच्या मुळाशी आहे. लढायांचे तपशील पुष्कळ येतात, पण आपली माणसे कशासाठी लढत होती हे कोठेच येत नाही. १७७९ च्या जानेवारीत तळेगाव-वडगावच्या परिसरात याच इंग्रज फौजेस महादजी शिंद्यांच्या आधिपत्याखालील मराठ्यांनी कोंडून तह करावयास लावले, हा आपल्या युद्धेतिहासातील एक तेजस्वी प्रसंग. असईच्या रणांगणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे मारली किंवा जायबंदी केली. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या या सेनानीस असईची आठवण आयुष्यभर पुरली. १८०५ मध्ये भरतपूरच्या तटावर लेकचे चार हल्ले फसले. या घटना केवळ विजेत्याच्या पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून वाचल्या, तर वाचणाऱ्या मराठी मुलाच्या मनात आपल्या पूर्वजांविषयी कोणते चित्र उमटेल?

येथे हेन्टीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पराभूतांच्या बाजूने लिहिणे त्यास अवगत नव्हते असे नाही. ‘द यंग कार्थेजिनियन’ (१८८७) मध्ये त्याने हॅनिबलची बाजू घेतली, ‘इन फ्रीडम्स कॉज’ (१८८५) मध्ये इंग्लंडशी झुंजणाऱ्या स्कॉटिश वॉलेस व ब्रूस यांची, आणि ‘बेरिक द ब्रिटन’ (१८९३) मध्ये रोमन साम्राज्याविरुद्ध उठलेल्या ब्रिटनवासीयांची. रोमन सत्तेने रस्ते बांधले, कायदा आणला, म्हणून ब्रिटनवासीयांनी तिच्यापुढे मान तुकवावी, असे त्यास वाटले नाही. मग तोच न्याय सह्याद्रीच्या माणसांना का नाही? उत्तर उघड आहे. हॅनिबल आणि बेरिक इतिहासजमा झाले होते, हिंदुस्थानचे राज्य मात्र चालू होते, आणि ज्या मुलांसाठी तो लिहीत होता त्यांनाच उद्या ते चालवावयाचे होते. आफ्रिकेतील व आशियातील माणसांविषयी त्याच्या ग्रंथांत जी तुच्छतेची वाक्ये येतात, ती आज त्याच्या देशातील वाचकांनाही खुपतात.

आणखी एक विसंगती आम्हांस अधिक अस्वस्थ करते. ज्याने स्कुटारीत भाऊ गमावला, पॅरिसच्या रस्त्यांवर आपलेच लोक आपल्याच लोकांना गोळ्या घालताना पाहिले, त्याच्या बालकथांत युद्ध मात्र बहुधा एक भव्य सहल असते. मरण येते ते एका ओळीत, आणि पुढच्याच ओळीत नायक घोड्यावर स्वार होतो. मुलांपासून दुःख लपवावे, ही पित्याची माया त्यामागे असेलही. परंतु त्या पुस्तकांवर वाढलेली पिढी १९१४ साली हसतमुखाने खंदकांत उतरली, हेही विसरता येत नाही.

आणि तरीही, आमच्या मते, या मराठी युद्धावरील पुस्तकातील सर्वांत धाडसी कृत्य हॅरीचे नव्हेच. ते त्या दाईचे आहे. शत्रूचे मूल पोटाशी धरून रणातून बाहेर पडणारी, त्यास वर्षानुवर्षे जपणारी आणि शेवटी आपल्या हाताने परत करणारी सोयरा ही लेखकाच्या सूत्रातून निसटलेली व्यक्तिरेखा आहे. तिची माणुसकी आपल्या परंपरेस परकी नाही. त्याच १७७९ च्या मोहिमेत कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून पडलेल्या कॅप्टन स्टुअर्ट या शूर इंग्रजास मराठ्यांनी इष्टुर फाकडा असे गौरवाचे नाव दिले, आणि त्याची समाधी वडगावी आजही आहे. शत्रूच्या शौर्याला दाद देणारी ही दृष्टी हेन्टीला मिळाली असती, तर त्याचा ग्रंथ फार वेगळा झाला असता.

१८८९ मध्ये हेन्टीने दुसरा विवाह केला. उतारवयात नौकाविहार हा त्याचा एकमेव छंद उरला होता. ‘एग्रेट’ या स्वतःच्या नौकेवरच, वेमथ बंदरात, १६ नोव्हेंबर १९०२ रोजी त्याचा अंत झाला. लंडनच्या ब्रॉम्प्टन दफनभूमीत तो विसावला. मागे राहिलेल्या हस्तलिखितांवर त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने अखेरचा हात फिरविला आणि ती पुढील दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झाली.

हेच १९०२ साल मराठी इतिहासलेखनातही महत्त्वाचे आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’चा पहिला भाग याच वर्षी निघाला. सरदेसाई तेव्हा बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. महाराजांच्या मुलांना इतिहास शिकविण्यासाठी त्यांनी टिपणे काढली, आणि त्या टिपणांतून रियासतीचा हा प्रचंड वृक्ष वाढला. त्याआधी १८९८ पासून इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची मूळ साधने छापावयास आरंभ केला होता. पुढे शिवराम महादेव परांजपे यांनी १८०२ ते १८१८ या काळातील मराठ्यांच्या लढायांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे हेन्टी आपली गोष्ट आपल्या परीने संपवीत होता, तेव्हाच आपले लोक ती आपल्या कागदपत्रांतून नव्याने सांगू लागले होते. आणि त्यांतील एक थोर प्रयत्न महाराष्ट्राबाहेर, परमुलखातील नोकरीत, मुलांना शिकविता शिकविता सुरू झाला, हे आपण परप्रांतीय मराठी जनांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हेन्टीची पुस्तके मुलांच्या हातून काढून घ्यावीत, असे आम्ही म्हणणार नाही. बंदी घातलेले पुस्तक मुले आधी वाचतात, हा सार्वकालिक अनुभव आहे. आमचे म्हणणे एवढेच की ते पुस्तक मुलाने एकट्याने वाचू नये. त्याच्या शेजारी बसून, असई कोठे आहे, तेथे कोण पडले, वडगावास काय घडले, हे सांगणारे कोणी घरात असावे. ज्यांची नोकरी दिल्लीस आहे त्यांनी मुलांना पटपडगंजचे नाव दाखवावे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांची फौज त्याच परिसरात लेकशी लढली, आणि त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. तो विजेत्यांच्या स्मृतीचा आहे. तेथे पडलेल्या मराठी फौजेतील माणसांची आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडे आले आहे.

मंडळाच्या ग्रंथालयातील बालविभागात मराठ्यांच्या युद्धांवरील पुस्तकांसाठी एक फळी राखून ठेवावी, आणि ज्या घरांत अशी जुनी पुस्तके पडून असतील त्यांनी ती तेथे आणून द्यावीत, अशी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची विनंती आहे. त्या फळीवर हेन्टीचे ‘संगिनीच्या टोकावर’ही असावे, मात्र त्याच्या एका बाजूस सरदेसाई आणि दुसऱ्या बाजूस परांजपे असावेत. मूल तिन्ही पुस्तके चाळील, प्रश्न विचारील, आणि त्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आपणा वडीलधाऱ्यांनाही पुन्हा थोडे वाचावे लागेल.